बुडालेल्या महामंदिराच्या घंटा

फ्रेंच चित्रकलेतील 'इम्प्रेशनिझम'ला मराठीत 'दृक्‌प्रत्ययवाद' म्हणतात. चित्रांपुरता हा शब्द नेमका आहे. संगीताला लावला की त्यातील 'दृक्' मात्र खटकतो. कानाच्या कलेला डोळ्याचे नाव का द्यावे? ज्याच्या माथी हे नाव प्रथम बसले त्या क्लोद देब्युसीलाही (१८६२-१९१८) ते रुचले नव्हते. १८८७ साली पॅरिसच्या ललित कला अकादमीने त्याच्या एका रचनेवर अभिप्राय देताना संदिग्ध 'इम्प्रेशनिझम'पासून सावध राहण्याचा इशारा दिला. १९०८ मध्ये प्रकाशक द्युराँला लिहिलेल्या पत्रात देब्युसीने हा शब्द वापरणाऱ्यांची गणना मूर्खांत केली. तरीही शब्द टिकला. आणि त्याच्या आधाराने एक समजही टिकला, की हे संगीत म्हणजे धुके, पाणी, चांदणे आणि गोड अस्पष्टपणा. हा समज जुन्नर-आंबेगावच्या मुलखात उभे राहून तपासावा असे आम्हाला वाटते.

या मंडळींपैकी आल्बेर रूसेल प्रत्यक्ष महाराष्ट्रात येऊन गेला. पूर्वी नौदलात अधिकारी असलेला हा संगीतकार १९०९ साली पत्नीसह भारताच्या प्रवासाला आला. वेरूळची लेणी त्याने पाहिली आणि परतल्यावर 'एव्होकास्यों' ही तीन भागांची वाद्यवृंदरचना लिहिली. १९१२ साली ती पॅरिसमध्ये सादर झाली. पहिल्या भागाचे नाव 'गुहांच्या छायेतील देव'. रचना समृद्ध आहे. खालच्या स्वरांतील वाद्ये काळोख उभा करतात, त्यातून मध्येच उजेडाची तिरीप येते. पण शीर्षकात वेरूळचे नाव नाही आणि संगीतात माणूस नाही. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यात गिरिजात्मज गणपती बसला आहे आणि सुमारे तीनशे पायऱ्या चढून माणसे धापा टाकीत त्याच्या दर्शनाला येतात. ज्याने ही वर्दळ पाहिली आहे, त्याला रूसेलच्या गुहा फार निर्मनुष्य वाटतील. तेथे देव आहेत, सावल्या आहेत, फक्त भक्त नाहीत.

देब्युसी भारतात कधी आला नाही. तरीही आमच्या मते या मुलखाला अधिक जवळचा तोच, आणि तोही एका सहा-सात मिनिटांच्या पियानोरचनेमुळे. 'प्रेल्यूद'च्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या संग्रहातील ही दहावी रचना, 'बुडालेले महामंदिर'. त्याच वर्षीच्या मे महिन्यात देब्युसीने स्वतः ती पॅरिसमध्ये वाजवली.

तिच्यामागे ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील दंतकथा आहे. ग्रादलॉन राजाच्या मुलीने मोहात पडून समुद्राच्या बांधाची दारे उघडली आणि ईस नगरी बुडाली. शांत पहाटे तेथील महामंदिर पाण्यावर येते, घंटा वाजतात, धर्मगुरूंचे गायन ऐकू येते, आणि मग सारे पुन्हा खाली जाते. एदुआर लालोने १८८८ साली याच कथेवर संगीतिका केली होती. तिच्यात पाप आहे, संत आहे, पाण्यात उडी घेऊन केलेले प्रायश्चित्तही आहे. देब्युसीने यातले काहीच घेतले नाही. राजकन्या नाही, तिचे पाप नाही, शिक्षा नाही. उरली ती घंटा आणि उपासनेचे गायन.

हे वगळणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले, ते गाव आज पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाने घोड नदी अडवली आणि जुने आंबेगाव व आसपासची वस्ती जलाशयात गेली. विस्थापितांत महादेव कोळी समाजाची घरे पुष्कळ. तेथे कोणाच्या मुलीने कसलीही दारे उघडली नव्हती. खालच्या पठारावरील शेतीला, पार अहिल्यानगर-सोलापूरकडच्या शिवारांना पाणी हवे होते, निर्णय झाला. आजही पाणी ओसरले की काही कुटुंबे काठावर गाळपेर करतात. बुडालेल्या गावांच्या पापाच्या गोष्टी सांगण्याची प्रवचनकारांना मोठी हौस असते. आपलेही प्रवचनपीठ तिला अपवाद नाही. त्या हौसेपासून देब्युसी दूर राहिला. तो फार धार्मिक होता असे कोणी म्हणणार नाही. १९११ साली संत सेबास्तियनच्या हौतात्म्यावरील नाटकाला त्याने संगीत दिले, तेव्हा पॅरिसच्या आर्चबिशपांनी कॅथलिकांना प्रयोगाला जाण्याची मनाई केली होती. पण बुडालेल्यांना दोष न देण्याचा विवेक त्याने या रचनेत दाखवला. मात्र निर्णय घेणाराही त्यात दिसत नाही, ही या संगीताची मर्यादा आहे आणि ती आम्ही झाकणार नाही.

आता धुक्याविषयी. स्वरलेखाच्या आरंभी धुक्याचा उल्लेख देब्युसीनेच केला आहे, हे खरे. पण ऐकावे काय? प्रथम मोकळे पंचम आणि चतुर्थ एकमेकांना समांतर वर सरकतात. मध्ययुगीन मठांतील 'ऑर्गनम' गायनाची ही ठेवण. (संत दहावे पायस यांनी ग्रेगरी गायनाच्या पुनरुज्जीवनाचा आदेश १९०३ साली काढला होता, जुने चर्चगायन त्या काळी फ्रान्सच्या कानात होतेच.) तंबोऱ्यातील षड्ज-पंचमावर वाढलेल्या आपल्या कानाला हा पोकळ नाद परका वाटत नाही. मग एकच स्वर वारंवार वाजत राहतो, ती घंटा; तिच्याभोवती एक साधी चाल फिरते. पुढे सी मेजरमध्ये, खर्जातल्या सी स्वराच्या पायावर, सारे महामंदिर भरघोस स्वरपुंजांनी उभे राहते. येथे अस्पष्ट असे काहीच नाही. दगडावर दगड ठेवावा तशी ही बांधणी आहे. शेवटी तीच चाल हलक्या आवाजात, खालच्या स्वरांच्या घुमणाऱ्या लाटांवर परत येते.

अनेक वादक ही रचना इतकी संथ वाजवतात की महामंदिर वर यायच्या आधीच श्रोत्यांना पेंग येते. देब्युसीने स्वतः वाजवलेली वेल्टे कंपनीची पियानो-गुंडाळी उपलब्ध आहे. तिच्यात छापील लेखावरून ज्या जागा संथ वाटतात, त्यांपैकी काही, विशेषतः तो भरघोस भाग, तो जवळजवळ दुप्पट वेगाने वाजवतो. तेथे मिरवणुकीची चाल येते, माणसांच्या पावलांची लय येते. रूसेलच्या गुहेत आम्हाला जी चुकली ती वर्दळ येथे आहे.

मंचरहून घोडेगाव व डिंभ्यावरून जाणारा रस्ता भीमाशंकरला पोहोचतो. तेथील देवळाच्या आवारात पोर्तुगीज बनावटीची मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. ही त्यांतलीच मानतात. वसईच्या आमच्या वाचकांना तिच्याविषयी काय वाटावे हे आम्ही सांगणार नाही. बुडाल्या मनोऱ्याच्या घंटेची गोष्ट त्यांना समजावून द्यावी लागणार नाही, एवढे मात्र खरे.

एक सूचना. देब्युसीने या संग्रहातील शीर्षके रचनेच्या माथ्यावर दिलेली नाहीत. शेवटच्या ओळीखाली, तीन टिंबे देऊन, कंसात छापली आहेत. आपल्या धर्मग्रामांतील संगीतवर्गांत ही रचना कोणी वाजवली, तर आधी नाव जाहीर करू नये. मुलांना घंटा ओळखू द्यावी, पाणी ओळखू द्यावे, आणि मग विचारावे, हे कोणते गाव.