फिरत्या चकतीचं परीक्षण

नाटकांची परीक्षणं छापून येतात, सिनेमांची येतात, हल्ली मिसळीचीही येतात. पण जो प्रयोग आपण दिवसातून पन्नास वेळा, तोही टक लावून बघतो, त्याच्यावर कुणी चार ओळी खरडत नाही. मी म्हणतोय ती ब्राउझरमधली फिरती चकती. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना मध्ये गरगरते ती. आम्ही राहतो न्हावऱ्याला. इथे मोबाईलची रेंज एकदा उसात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही. त्यामुळे या प्रयोगाचे आमच्याइतके मुरलेले प्रेक्षक पुण्या-मुंबईला मिळायचे नाहीत.

तशी कल्पना आपल्याला नवी नाही. तमाशाच्या वगात राजा प्रधानाला घेऊन शिकारीला निघतो. रंगमंचाला एक फेरी मारतो, की आलं अरण्य! ना पडदा, ना सीनसीनरी. एक फेरी म्हणजे एक प्रवास, हा प्रेक्षकांशी केलेला करार. ब्राउझरवाल्यांनी फेरी तेवढी उचलली आणि करार ठेवला विंगेत. यांचा राजा घेरी येईस्तोवर फिरतो, पण अरण्य काही येत नाही.

सुरुवात मात्र झकास होती. १९९३ च्या मोझेक ब्राउझरमध्ये कोपऱ्यात पृथ्वीचा गोल फिरायचा. १९९४ साली नेटस्केप आलं. त्याच्या 'एन' या अक्षरावर पुढे उल्का पडू लागल्या. उल्का पडताहेत म्हणजे काम चालू आहे. शिवाय तळाला एक पट्टी असे. कुणाशी संपर्क साधतोय, किती टक्के मजकूर आला, ते ती इमानदारीत सांगायची. म्हणजे आपला एसटीचा कंडक्टरच म्हणा ना. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला.

२००८ साली गुगलचं क्रोम आलं आणि तळाच्या त्या कायमच्या पट्टीला रजा मिळाली. चकती टॅबवर जाऊन बसली. पलीकडच्या उत्तराची वाट बघताना ती उलटी फिरते आणि मजकूर यायला लागला की सुलटी! अभिनय म्हणून हे उत्तमच आहे. पण हा बारकावा ओळखणारा माणूस अजून मला भेटायचाय. मोबाईलवर तर चकतीही नाही, वरच्या काठाला एक बारीक निळी रेघ. नटानं पाठ फिरवून केलेल्या मुद्राभिनयाला टाळी पडायची कशी?

२०१९ साली क्रोमनं आणखी एक सुधारणा केली. एकाच संकेतस्थळावर पान बदलताना मध्ये जो पांढरा पडदा चमकायचा, तो डोळ्यांना खुपतो म्हणे. म्हणून नवं पान रंगून तयार होईपर्यंत थोडा वेळ जुनंच पान दाखवायचं. नजरेला सुख, कबूल. पण मागच्या अंकातले नट अजून उभेच, तर अंक बदलतोय हे कळावं कसं? त्यातून काही संकेतस्थळं ब्राउझरला न विचारता आतल्या आतच मजकूर बदलतात. त्यांनी स्वतःची चकती लावली तर लावली, नाहीतर नुसता शुकशुकाट.

हसण्यावारी नेऊ नका. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी शेजारचे काका मोबाईल घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, दाबलं तर खरं. पण घेतलं का त्यानं?"

अहो, सगळी मेख या तीन शब्दांत आहे. घेतलं का त्यानं? परत दाबावं तर दोनदा पैसे जायची धास्ती, गप्प बसावं तर मुदत टळायची. पडद्यावर मघाचंच पान, जसंच्या तसं. ज्यानं हे रचलं त्याच्या टेबलावर पान पापणी लवायच्या आत बदलत असणार. त्याला काकांचा प्रश्न पडलाच नाही.

बरं, या विषयाचं शास्त्र नाही असंही नाही. जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच लिहून ठेवलंय: दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात काही हललं, तर माणसाला वाटतं लगेच झालं, एका सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, दहा सेकंदांपुढे मात्र लक्ष उडतं. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली दाखवलं, की किती टक्के काम झालं हे सांगणारी पट्टी लोकांना आवडते. वाट बघायला आपली ना नाही. एसटीच्या फाट्यावर उभ्या उभ्या केस पिकलेली माणसं आपण. पण गाडी निघाली आहे की रद्द झाली आहे, एवढं तरी कळावं!

तेव्हा या प्रयोगाच्या निर्मात्यांना माझी सूचना साधी आहे. बोट लागलं की त्या बटणानंच हुंकार द्यावा, आणि दुसऱ्यांदा दाबू देऊ नये. वेळ लागणार असेल तर किती काम उरलं ते सांगावं. आणि गाडी बंद पडली असेल, तर चकती फिरवत बसू नये, सरळ 'बंद पडली' म्हणावं.

परीक्षणाच्या शेवटी तारे द्यायची पद्धत आहे. नेटस्केपच्या काळात निदान तुटणारे तारे फुकटात दिसत होते. आताच्या प्रयोगाला दीड. त्यातला अर्धा उलट्या फेरीसाठी.