ओळख आणि पारख : पाश्चात्य कलाकृतींच्या परिचयासंबंधी काही विचार

नांदेड आणि लातूर येथील काही कलाप्रेमी मंडळी महिन्यातून एकदा, आळीपाळीने एकमेकांच्या गावी, एकत्र जमतात. त्यांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, महाविद्यालयीन अध्यापक आहेत, एक वकील आहेत, आणि काही विद्यार्थीही आहेत. पद्धती अशी की, युरोपातील एखाद्या प्रसिद्ध चित्राची अथवा शिल्पाची छापील प्रत, तिच्याखालचे नाव झाकून, सर्वांपुढे ठेवावयाची, आणि ती कृती कोणती, तिचा कर्ता कोण व काळ कोणता, हे उपस्थितांनी ओळखावयाचे. एका बैठकीत पंधरा-वीस कृती सहज होतात. गुण मांडण्याचे काम बहुधा प्रस्तुत लेखकाकडे असते. ज्या भागात युरोपीय चित्रांचा संग्रह जवळपास नाही, त्या भागात असा उपक्रम चालावा ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गुण मांडता मांडता एक शंका मनात उत्पन्न झाली, आणि ती अभ्यासकांपुढे ठेवावी असे वाटल्यावरून हे टिपण लिहीत आहे. ती शंका अशी : एखादी कलाकृती आपण 'ओळखली' असे जेव्हा म्हणतो, तेव्हा नेमके काय ओळखलेले असते?

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'ओळखणे' याच्या मुळाशी 'लक्ष्' हा धातू आहे. लक्षण पाहून जाणणे, हा त्याचा मूलार्थ. परंतु आजच्या मराठीत या एका शब्दाची दोन भिन्न रूपे नांदतात. 'मी त्याला ओळखले' यातील क्रिया क्षणात सुरू होऊन क्षणात संपते. 'माझी त्याच्याशी ओळख आहे' यात मात्र 'शी' हा प्रत्यय दोन पक्ष गृहीत धरतो व काळाचा विस्तारही गृहीत धरतो. ओळख वाढते, जुनी होते, क्वचित तुटतेही. 'ओळखले' हे वाढत नाही आणि जुनेही होत नाही. निरोप घेताना आपण 'ओळख ठेवा' असे म्हणतो, ते या दुसऱ्या अर्थाने. आमच्या बैठकीत पहिल्या अर्थाचे काम चालते, आणि दुसऱ्या अर्थाचे श्रेय घेतले जाते. माझ्या शंकेचे मूळ येथे आहे.

याचा एक परिणाम सांगण्यासारखा आहे. लिओनार्दोची 'मोना लिसा' आमच्या मंडळात कधीच ठेवली जात नाही, कारण ती सर्वांना ओळखू येते. म्हणजेच ती आम्ही कधीच पाहत नाही. 1911 मध्ये लूव्र संग्रहालयातून ते चित्र चोरीस गेले व 1913 मध्ये सापडले. त्या प्रकरणाने त्याची कीर्ती जगभर झाली. ही कीर्ती चोरीने वाढविलेली, आणि तिच्या आधारावर होणारी ओळख ही चित्राच्या दर्शनापेक्षा वार्तेचे फळ अधिक.

नाव हे दर्शनास साहाय्य करते असा आपला समज असतो. ते दर्शनाच्या आडही येते. रेम्ब्रांटचे 1642 मधील भव्य चित्र 'रात्रीचा पहारा' या नावाने विख्यात आहे. आमच्या एका बैठकीत ते अर्ध्या पळात ओळखले गेले, आणि लगेच एका सदस्याने चित्रकाराने रात्रीचे वातावरण किती समर्थपणे उभे केले आहे यावर उत्तम विवेचन केले. वास्तविक त्या चित्रात रात्र नाही. कप्तान फ्रान्स बानिंक कोक याच्या नगररक्षक तुकडीचे ते समूहचित्र असून प्रसंग दिवसाचा आहे. वार्निशाचा थर व मळ यांनी चित्र काळवंडल्यावर, चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने, हे नाव त्याला चिकटले. 1940 नंतरच्या दशकात ते वार्निश काढले गेले तेव्हा प्रकाश पुन्हा दिसू लागला. नाव मात्र तेच राहिले. ज्याने नाव आठविले त्याला पूर्ण गुण मिळाले, आणि त्या नावानेच त्याला चित्रातील ऊन दिसू दिले नाही.

मराठवाड्यातील वाचकास या उदाहरणावरून अजिंठ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. अजिंठा हैदराबाद संस्थानात असताना, 1920 ते 1922 या काळात, निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून तेथील चित्रांचे संरक्षण करविले. त्या वेळी चढविलेला लाखेचा लेप पुढे पिवळट व काळसर पडला, आणि कित्येक पिढ्यांनी अजिंठ्याचे रंग म्हणून जे पाहिले त्यात त्या लेपाचा वाटा होता. डोळा आणि चित्र यांच्यामध्ये जसा लेपाचा थर येतो तसाच नावाचाही येतो, हे दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

आता विषयाच्या ओळखीकडे वळू. कलाकृतीत कोण आहे आणि काय घडत आहे हे जाणणे, ही कर्त्याचे नाव जाणण्याहून वेगळी गोष्ट आहे. नांदेड-लातूरच्या रसिकास युरोपीय शिल्प मूळ स्वरूपात पाहावयाचे असेल तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय हे त्यास सर्वांत सोयीचे ठिकाण. 1956 पर्यंत हे दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्याचेच भाग होते, आणि तो जाण्यायेण्याचा मार्ग अद्याप मोडलेला नाही. 16 डिसेंबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडलेले हे संग्रहालय 1968 पासून मुसी नदीकाठच्या इमारतीत आहे. तेथील 'अवगुंठिता रिबेका' ही जोव्हान्नी मारिया बेन्झोनी याची संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी 1876 मध्ये रोम येथे घेतली. दगडातून झिरझिरीत वस्त्र आणि वस्त्रातून मुख दिसावे, हे कौशल्य पाहून प्रत्येक जण थक्क होतो. आमच्या मंडळींपैकी बहुतेकांनी ती पाहिली आहे, आणि छायाचित्र दिसताच तिचे नाव सर्व जण एकदम उच्चारतात. परंतु रिबेका कोण, असे विचारले असता उत्तर येत नाही.

बायबलच्या जुन्या करारातील उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात ही कथा आहे. दूर देशाहून वधू म्हणून आणलेली रिबेका सायंकाळी उंटावरून येत असता शेतातून एक पुरुष समोर येताना पाहते. हा कोण, असे ती सेवकास विचारते. तो आपला नियोजित वर इसहाक आहे असे कळताच ती उंटावरून उतरते आणि बुरखा घेऊन तोंड झाकते. तो बुरखा म्हणजे ओळख पटल्याचा क्षण आहे. ही कथा ठाऊक नसेल तर मूर्तीत केवळ कारागिरी उरते. कथा ठाऊक असेल तर खाली वळलेली दृष्टी आणि वस्त्र सावरणारा हात यांना अर्थ येतो. आपल्याकडे आंतरपाट पाहिलेल्या माणसास हा अर्थ परका नाही. त्याला कोणी तो सांगितलेला नाही, एवढेच.

मात्र विषय ओळखण्याच्या घाईचे धोकेही आहेत, आणि त्याचे उदाहरण आमच्याच भूमीतील आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका दृश्यात निराळ्या टोप्या व दाढ्या असलेली माणसे राजापुढे उभी आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी 1879 मध्ये हे दृश्य म्हणजे इराणचा राजा दुसरा खुस्रो याने चालुक्य दुसऱ्या पुलकेशीकडे पाठविलेले शिष्टमंडळ होय असे प्रतिपादन केले, आणि 'इराणी शिष्टमंडळ' हे नाव रूढ झाले. पुलकेशीची कारकीर्द सातव्या शतकातील. आज बहुसंख्य अभ्यासक हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक हरिषेणाच्या काळातील मानतात, आणि लेण्यातील इतर चित्रांप्रमाणे हे दृश्यही बौद्ध कथेतील समजतात. येथे एका युरोपीय विद्वानाने आमचे चित्र ओळखले, आणि ते ओळखताना आपल्या परिचयाच्या इतिहासाचे नाव त्यास दिले. आज आम्ही युरोपीय चित्रे ओळखीत असता हीच चूक उलट दिशेने करण्याचा संभव आहे.

तिसरा प्रकार कर्त्याच्या ओळखीचा, म्हणजे ज्यास खऱ्या अर्थाने पारख म्हणता येईल असा. इटालियन पंडित जोव्हान्नी मोरेल्ली यांनी 1880 मध्ये जर्मन चित्रसंग्रहांवर लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की, चित्रकाराची खूण मुख्य आकृतीच्या भावमुद्रेत शोधू नये, कारण तिचे अनुकरण कोणीही करतो. कानाची पाळी, बोटांची नखे अशा दुर्लक्षित अवयवांत हाताची सवय उघड होते. ड्रेस्डेन येथील एक निद्रिस्त व्हीनस तोपर्यंत टिशियनच्या चित्राची नंतरची नक्कल म्हणून नोंदलेली होती. ती मूळचीच आणि जोर्जोने याची आहे, असा निर्णय मोरेल्लींनी दिला आणि तो मान्य झाला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही पद्धती चांगली परिचित आहे. एखादा वक्ता कितीही प्रौढ शब्द योजो, तो नांदेड-लातूरकडचा आहे हे 'काय करायलास' एवढ्या क्रियारूपावरून कळते. शब्द माणूस निवडतो. प्रत्यय त्याच्याकडून नकळत निघून जातो.

परंतु ही पारख मूळ कृतीपुढे उभे राहूनच होते. हातभर लांबीच्या कागदावरील प्रतीत रेम्ब्रांटच्या रंगाचा थर दिसत नाही, आणि शिल्पाची दुसरी बाजू तर मुळीच दिसत नाही. सालारजंग संग्रहालयातील 'मेफिस्टोफेलीस व मार्गारेटा' ही लाकडी मूर्ती पुढून सैतानाची आणि मागून विनम्र तरुणीची आहे. मागील आरशाविना ती पुरती दिसत नाही. तिची एकच छापील प्रत पुढे ठेवली, तर उत्तर बरोबर आले तरी अर्धी मूर्ती न पाहताच आलेले असेल. तेव्हा आमच्या बैठकीत कर्त्याचे नाव सांगितले जाते ते पारखीने नव्हे, स्मरणाने, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथात सौंदर्याचा आधार संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांत शोधला. ती भूमिका स्वीकारली तर चित्रात रिबेका आहे की आणखी कोणी, हा प्रश्नच गौण ठरतो. रेषा, घनता आणि रंग यांचे परस्परसंबंध दिसले म्हणजे पुरे. या भूमिकेत मोठे तथ्य आहे, आणि नावाच्या मोहावर ती उत्तम उतारा आहे. तथापि ती मला पूर्णतः पटत नाही, आणि न पटण्याचे कारण ग्रंथातून आलेले नसून एका बैठकीतून आलेले आहे.

लातूर येथील बैठकीत मिकेलांजेलोच्या 'पिएता' या शिल्पाची प्रत ठेवली होती. 1498-99 मधील, रोमच्या सेंट पीटर्समधील ही मूर्ती. मिकेलांजेलोने आपले नाव कोरलेली ही एकच. औसा तालुक्यातून आलेल्या एका सदस्येस तिचे नाव सांगता आले नाही, कर्त्याचेही नाही. तिने एवढेच म्हटले, "आई मुलाहून तरुण दिसते. आणि एवढा थोरला मुलगा मांडीवर मावावा म्हणून लुगड्याचा घोळ वाढविला आहे. ती उभी राहिली तर फार उंच होईल." मग थोडे थांबून ती म्हणाली, "भूकंपाच्या सकाळी मी लहान होते. अशी बसलेली बाई मी पाहिली आहे. तीही रडत नव्हती." 30 सप्टेंबर 1993 ची ती सकाळ आमच्या भागात कोणास समजावून सांगावी लागत नाही. बैठक काही वेळ स्तब्ध राहिली. त्यानंतर मी नाव सांगितले, आणि नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे शून्य मांडले.

त्या शून्याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मातेचे तारुण्य आणि वस्त्रात लपविलेले तिचे आकारमान, ही दोन्ही निरीक्षणे या शिल्पाच्या अभ्यासकांच्या चर्चेचा विषय झालेली आहेत. ती तिने विनासाहाय्य केली. 'पिएता' या इटालियन शब्दाचा अर्थ करुणा. तो शब्द न जाणता ती त्याच्या अर्थापाशी पोहोचली होती. आकाराचा संबंध पाहणे आणि माणसाचे दुःख ओळखणे, या दोन क्रिया तिच्या बाबतीत वेगळ्या नव्हत्या. मांडी आणि देह यांचा समतोल तिने पाहिला तो ती मांडी आईची आहे म्हणूनच. केवळ लयीचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. उलट, तिची प्रतिक्रिया पूर्ण होती असेही मी म्हणणार नाही. आई तरुण का, या तिच्या प्रश्नाचे उत्तर मेरीच्या कौमार्याविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेत आहे, आणि ते केवळ पाहून मिळत नाही. तेथे विषयाचे ज्ञान हवे. मात्र तो प्रश्न पाहण्यातूनच निघतो. नाव आधी मिळालेल्या आम्हा कोणासही तो सुचला नव्हता.

यावरून निष्कर्ष असा की, ओळखीचा क्रम उलटावा. प्रथम नाव न घेता, दिसते ते प्रत्येकाने सांगावे. नंतर विषय व कथा यांचा शोध घ्यावा. नाव आणि काळ शेवटी यावेत. या क्रमाने एका बैठकीत वीसऐवजी चारच कृती होतील. आमच्या काही विद्यार्थ्यांचा यास विरोध आहे, आणि तो उपेक्षणीय नाही : स्पर्धापरीक्षेत नाव विचारतात, दर्शन विचारीत नाहीत. त्यांस माझे उत्तर एवढेच की, पाहिलेल्या वस्तूचे नाव पाठ केलेल्या नावाहून अधिक काळ टिकते. विभागाच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा हैदराबादच्या संग्रहालयात व एकदा अजिंठ्यास जाऊन, हातात सूची न घेता, एकेका कृतीपुढे अर्धा तास उभे राहावे अशी माझी सूचना आहे. गुणांच्या वहीचे काय करावयाचे हे मंडळाने ठरवावे. त्या सदस्येच्या नावापुढचे शून्य मात्र मी खोडले आहे.