‘दास’ म्हणजे कोण?

नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा भाषेचं कौतुक करतो. ख्रिस्त मराठी झाला, तुकोबांच्या वाटेने आला, वगैरे. ते खरंच आहे. मला मात्र या अभंगांत आज दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. उपासनेत गाणं सुरू करणाऱ्या माणसाने नक्की काय करायचं असतं, याचं उत्तर त्यांच्या घडणीतच आहे.

मी पुण्यात नोकरी करतो आणि रविवारी आमच्या मंडळीत लॅपटॉपवर बसतो. इंजिनिअर म्हटल्यावर हे काम आपोआप गळ्यात पडतं. गाण्याचे शब्द पडद्यावर टाकायचे, पुढची स्लाइड वेळेवर सरकवायची. त्या जागेवरून वर्शिप लीडरही दिसतो आणि मंडळीही. लीडर डोळे मिटून एकच ओळ चौथ्यांदा, पाचव्यांदा घेतो, स्वर चढवतो. समोरचे लोक हळूहळू गायचे थांबतात आणि ऐकू लागतात. कुणी मोबाइल वर धरून रेकॉर्ड करतं. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण गाणं मंडळीचं उरत नाही.

लीडर नुसता गायक नाही, तो देवाचा संदेश देणारा आहे, असं आम्हाला शिकवतात. त्याला आधार आहे. ‘पहिला इतिहास’च्या 25व्या अध्यायात दावीद आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना वीणा-झांजांसह संदेश देण्यासाठी नेमतो. तिथे शिकून तयार झालेल्या गायकांचा आकडा 288 आहे. म्हणजे हे काम तयारीचं आणि पवित्रही. पण पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा त्याचा जोर वेगळा आहे. पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात तो म्हणतो की जमलेल्या प्रत्येकाजवळ देण्यासारखं काहीतरी असतं, आणि सगळ्याची कसोटी मंडळीची उन्नती ही आहे. लीडरला किती भरून आलं, ही कसोटी तिथे नाही.

टिळकांनी अभंग निवडला आणि ही कसोटी आपोआप रचनेत आली. चरण छोटे, यमक जवळचं, त्यामुळे शब्द तोंडात बसतात. पुढचा कडवं म्हणतो, मागचे ध्रुपद उचलतात. गाणं मागच्यांवाचून पुरं होतच नाही. आणि शेवटी येते मुद्रा. तुकोबांच्या अभंगात शेवटी तुकोबांचं नाव येतं. टिळकांनी ‘दास’ ही मुद्रा घेतली. हे एका माणसाचं नाव नाही, ती एक जागा आहे. मंडळी ती ओळ गाते तेव्हा गाणारी प्रत्येक बाई, प्रत्येक पोर स्वतःलाच दास म्हणवून घेतं. कवी सही करतो आणि त्याच सहीत स्वतः दिसेनासा होतो.

कोयनानगरला आमच्या घरी प्रार्थनेला सात-आठ माणसं जमायची. एक पेटी, टाळांची एक जोडी. वीज तयार करणारं गाव, तरी वीज जायचीच. आजी अंधारात पुढचं कडवं धरायची आणि गाणं चालू राहायचं. तिला कुणी लीडर म्हटलं नाही. कुणाचं एखादं कडवं चुकलं तर शेजारचा सावरून घ्यायचा. माझ्या कामात अशा रचनेला मान असतो: एक मशीन बंद पडलं म्हणून सगळी सिस्टिम बसत नाही.

याचा अर्थ टाळ पवित्र आणि गिटार वाईट, असा नाही. पेटीही युरोपातूनच आली. कीर्तनकारही मध्यभागी उभा राहतो, लोक त्याच्या पाया पडतात, तिथेही अहंकाराला भरपूर जागा आहे. शिवाय मुद्रा घेतली म्हणून कुणी दास होत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की कळतं, हा दास घरात किती तापट आणि लहरी होता. मला यामुळे ते अभंग खोटे वाटत नाहीत. दास होणं एकदाच जमून जात नाही, म्हणून तर ते दर अभंगात पुन्हा म्हणावं लागतं.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला. पुढे अनेक वर्षं त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार वाढला नाही, अभंग मात्र आजही मंडळ्यांमध्ये गायले जातात, आणि गाणाऱ्यांतल्या कित्येकांना कवीचं नावही आठवत नाही. मला हे टिळकांचं यश वाटतं.

आमच्या लीडर मंडळींनी एवढं जरी केलं तरी पुरे: दर रविवारी एका गाण्याचं शेवटचं कडवं माइक बाजूला ठेवून मंडळीवर सोडावं. सुरुवातीला ते बेसूर होईल, आवाज कमी येईल. ते ऐकून घेणं हाही सेवेचाच भाग आहे.