खिडक्या आणि रुमाल

संगणकावर फार खिडक्या उघड्या ठेवू नयेत, लागतील तेवढ्याच ठेवाव्यात, काम झाले की बंद कराव्यात, असा सल्ला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्याचा सूर घर आवरायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखा असतो. पसारा हा वापरणाऱ्याचा आळस, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासायचे, तर एकट्याने बसून स्वतःचेच काम करणाऱ्याचा संगणक उपयोगाचा नाही. जिथे एकाच पडद्यावर अनेकांची कामे येऊन आदळतात, तिथे पाहायला हवे.

भंडारा जिल्ह्यात धान निघाले की असा पडदा जागोजागी दिसतो. तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर, कुठेही जा. आधारभूत दराने धान विकायचे, तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी. त्यासाठी सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, आधार कार्ड लागते, बँकेचे पासबुक लागते. म्हणजे एका शेतकऱ्यामागे नोंदणीचे पान, सातबाऱ्याचे पान आणि दोन स्कॅन, अशा चार खिडक्या झाल्या. पहिल्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो घरी मुलाकडे आहे. दुसऱ्याच्या सातबाऱ्याचे पान अजून गोल गोल फिरते आहे. म्हणून तिसऱ्याला बसवले. बारा खिडक्या इथेच झाल्या. शिवाय वॉट्सॅप उघडे आहे, कारण कागदांचे फोटो तिथेच येतात. अर्ज एकाच ठिकाणी व्हावेत या कल्पनेला सरकारी मराठीत ‘एक खिडकी’ म्हणतात. रांगेतल्या माणसाला खिडकी एकच दिसतेही. बाकीच्या सगळ्या आत, ऑपरेटरच्या पडद्यावर असतात.

या बारा खिडक्यांत आळस कुठे आहे? प्रत्येक खिडकी म्हणजे कुणाचे तरी थांबलेले काम आहे. ती बंद केली तर पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, पुन्हा गट क्रमांक. बंद करण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याला पुन्हा उघडणे फुकट पडते. इथे ते महाग आहे. खिडकी उघडी ठेवणे हीच ऑपरेटरची आठवणवही असते.

मग दोष कुठे शोधायचा? त्यासाठी खिडकीच्या जन्माकडे जावे लागते. १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या घडवल्या. लहान पडद्यावर जास्त मजकूर मावावा, म्हणून टेबलावर कागदावर कागद ठेवतो तशी ही रचना. मायक्रोसॉफ्टच्या १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये मात्र कार्यक्रमांच्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत, एकीखाली दुसरी दडत नसे. १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याही एकमेकींवर चढू लागल्या. कागदाच्या ढिगाचा अवगुण त्यांच्यासोबत आला. खालचे काय आहे, ते दिसेना.

त्यावर १९९५मध्ये तळाशी टास्कबार आला. प्रत्येक खिडकीला तिथे एक बटण मिळाले. बटणे वाढून पट्टी भरली, तेव्हा २००१च्या विंडोज एक्सपीने एकाच कार्यक्रमाची बटणे एकत्र करायला सुरुवात केली. २०२१च्या विंडोज ११ने तर ती वेगळी ठेवण्याची मुभाच काढून घेतली. तक्रारी झाल्यावर २०२३मध्ये ती परत आली. माझा आक्षेप याच वर्गीकरणावर आहे. ते हत्यारानुसार आहे, कामानुसार नाही. ब्राउझरच्या एका चिन्हाखाली तिन्ही शेतकऱ्यांची पाने, पीडीएफच्या एका चिन्हाखाली तिघांचे कागद. लग्नघरी पाहुण्यांच्या बॅगा मालकाप्रमाणे न लावता रंगाप्रमाणे लावाव्यात, तसे हे झाले. खोली आवरलेली दिसते, पण बॅग कुणाची ते कळत नाही. त्या चिन्हावरून सगळ्या खिडक्या एकदम बंद करण्याची सोय आहे. ती वेळ वाचवते खरी, पण सोबत तिघांचेही अर्धे काम घेऊन जाते.

आपल्या दफ्तरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. जुने कागद कापडात बांधून ठेवत. त्या बांधणीला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद आजही रुमालांनीच मोजतात. रुमालाचे दोन गुण इथे कामाचे आहेत. जे कागद एकत्र लागतात, ते त्यात एकत्र राहतात. आणि रुमाल बांधला म्हणजे कागद फाडले असे होत नाही. सोडला की काम जिथे थांबले होते, तिथून पुढे चालते. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली नेमका हाच फरक पुसून टाकते. बाजूला ठेवणे आणि संपवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्याला हवे असते बांधणे. हाती असते ती फुली, नाहीतर खिडकी खाली सरकवून पुन्हा त्याच ढिगात टाकणे.

रुमालाच्या जवळ जाणारी कल्पना संगणकातही जुनी आहे. ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६मध्ये, त्याच झेरॉक्सच्या केंद्रात, ‘रूम्स’ नावाची रचना मांडली. माणूस खिडक्या सुट्या वापरत नाही, घोळक्याने वापरतो, हे त्यांचे निरीक्षण. म्हणून प्रत्येक कामाला पडद्यावर एक स्वतंत्र खोली. लिनक्सवर अशा खोल्या बरीच वर्षे आहेत. विंडोजमध्ये त्या २०१५ साली, दहाव्या आवृत्तीत आल्या. कंट्रोल, विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबल्या की नवा डेस्कटॉप उघडतो. त्याला नाव देता येते. त्यात दुसऱ्या शेतकऱ्याची नावनिशाणीही दिसत नाही. रांगेतल्या प्रत्येक क्रमांकाला एक डेस्कटॉप दिला, तर बारा खिडक्यांचे तीन रुमाल होतात. ओटीपी आला की पहिल्या रुमालाकडे परत जायचे, बस.

पण ही खोलीही अपुरी आहे. डेस्कटॉप बंद केला तर त्यातल्या खिडक्या बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन पडतात. एकाची नोंदणी संपवायला जावे, तर त्याचे पासबुक दुसऱ्याच्या सातबाऱ्याशेजारी येऊन बसते. म्हणून क्रम उलटा हवा: आधी आतली एकेक खिडकी मिटवायची, मग खोली. खिडक्या मिटल्या तरी डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधारची प्रत उरतेच. ब्राउझरची गुप्त खिडकीही उतरवलेली फाइल पुसत नाही. तेव्हा आवराआवरीची शेवटची पायरी पडद्यावर नसून त्या फोल्डरमध्ये आहे.

हे सगळे बारकावे वाटतील. पण ‘स्कॅन १’ आणि ‘स्कॅन २’ नावाच्या दोन सारख्या खिडक्यांतली चुकीची एक जोडली गेली, तर शेतकऱ्याच्या नावापुढे दुसऱ्याचे खाते लागते. चुकारे अडकतात. मग हंगामभर हेलपाटे. धान विकून उसनवारी फेडायची असते, पुढच्या पिकाची सोय करायची असते. पडद्यावरच्या पसाऱ्याची किंमत ज्याने तो पडदा कधी पाहिलाही नाही, तोच मोजतो. त्याच फोल्डरात राहिलेले आधार उद्या तिसऱ्याच माणसाच्या हाती लागू शकते.

तेव्हा ऑपरेटरला शिस्तीचे धडे देण्याआधी दोन मागण्या करायला हव्यात. सरकारी संकेतस्थळांनी अर्धवट अर्ज आपणहून जपून ठेवावा, म्हणजे खिडकी निर्धास्तपणे मिटता येईल. आणि खिडक्या बनवणाऱ्यांनी एका कामाचा सगळा संसार एकत्र बांधायची, पुन्हा सोडायची आणि काम संपल्यावर मागमूस न ठेवता पुसायची, अशा तीन वेगळ्या कळा द्याव्यात. तोवर रांगेतला क्रमांक हेच डेस्कटॉपचे आणि स्कॅनचे नाव ठेवावे. नीटनेटक्या पडद्याची खरी कसोटी तो किती रिकामा दिसतो ही नाही. समोर बसलेल्या माणसाचे कागद त्याचेच राहिले का, ही आहे.