भक्तीच्या शेजारचे घर

सापशिडी मूळची आपली, हे सांगताना आपला ऊर भरून येतो. मागोमाग ज्ञानेश्वरांचे नाव निघते आणि चर्चा तेथेच मिटते. वास्तविक तेथून ती सुरू व्हावी. तेराव्या शतकातला पट काही कोणी पुढे केलेला नाही. अँड्र्यू टॉप्सफिल्ड यांनी १९८५ साली या खेळावर अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. त्यांच्यासारख्यांच्या संशोधनातून पुढे आलेले जुने पट अठराव्या शतकापासूनचे. श्रद्धेने यात रुसण्यासारखे काही नाही.

दुसरे एक विधान असेच या लेखातून त्या लेखात फिरते : आपल्या पटांत साप जास्त, शिड्या कमी, इंग्रजांनी दोन्ही सारखे केले. हरीश जोहरी यांनी प्रसिद्ध केलेला ७२ घरांचा पट घेऊन मी पेन्सिलीने मोजले. साप १०, शिड्या १०! एका पटाने सगळ्या पटांचा निकाल लागत नाही, हे खरे. पण सरसकट विधान मोडायला तेवढा पुरे.

मोजणी सोडून घरांची नावे वाचू लागावे, म्हणजे खरी गोडी कळते. ५४वे घर भक्तीचे. तेथून शिडी थेट ६८व्या घरी, वैकुंठात. आणि ५५वे? अहंकार! तिथला साप पार तिसऱ्या घरी, क्रोधापाशी आणून टाकतो. भक्ती आणि अहंकार यांच्यात एका दानाचेच अंतर ठेवणारा तो अनामिक पटकर्ता कादंबरीकार व्हायचा राहिला! शिवाय वैकुंठ हे काही पटाचे शेवटचे घर नव्हे. दान जास्त पडले, तर सोंगटी ते ओलांडून पुढे जाते आणि ७२व्या घरचा तमोगुण तिला ५१व्या घरी, पृथ्वीवर आणतो.

बाजारच्या सापशिडीत नावे गेली, आकडे राहिले. आणि हल्ली शाळांतून चांगल्या वागणुकीला गुण नि तारे वाटण्याची जी टूम आहे, तिची पूर्वपीठिका म्हणून याच खेळाकडे बोट दाखवतात. मला हे पटत नाही. या पटावर सद्गुण कोणी निवडत नाही. फासा नेईल तेथे जावे लागते. बक्षिसावर डोळा ठेवून भक्ती करण्याची सोयच तेथे नाही. आपण कोठे येऊन पडलो ते वाचायचे, एवढेच हाती.

कागदावर घरे आखून हा पट मी वर्गात मांडला. पहिल्याच डावात एक मुलगी ५५वर आली. सोंगटी खाली न नेता तिने विचारले, "गुरुजी, अहंकार झालाय हे आपलं आपल्याला कसं कळतं?"

फासा बराच वेळ कोणी उचलला नाही.