जमावाचा इरादा आणि जातीचा इरादा

परभणीत मराठी शिकवणाऱ्याने फौजदारी निकालांवर का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या घरात कागद वाचता येणारा मी पहिला. आणि आमच्या वस्तीत येणारे बरेचसे कागद ठाण्याचे नाहीतर कोर्टाचे असतात. ते वाचणे हेही समीक्षेचेच काम आहे.

अनेकांनी मिळून खून केला तर दोष कुणाचा? भारतीय दंड संहितेच्या ३४व्या कलमात समाईक इरादा लागे: मनांचा मेळ सिद्ध झाला की वार एकाचा, दोष सर्वांचा. १४९व्या कलमात पाच किंवा अधिक जणांची गैरकायद्याची मंडळी आणि तिचा समान उद्देश लागे. तिथे प्रत्येकाचा वार वेगळा दाखवावा लागत नसे. मसालती खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मात्र मोठ्या जमावात दोन-तीन साक्षीदारांनी सुसंगतपणे ओळखल्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, ही सावधगिरीही मान्य केली. १ जुलै २०२४ पासून हीच तत्त्वे न्याय संहितेच्या ३(५) आणि १९० या कलमांत आहेत.

आता खैरलांजी पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना जमावाने ठार केले. २००८ साली भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. मंडळी मान्य झाली, तिचा उद्देश मान्य झाला. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागला नाही. कारण ठरले सूड: सुरेखा आणि प्रियंका यांनी मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती.

माझा आक्षेप इथे आहे. सूड हे उत्तर नव्हे, तो पुढचा प्रश्न आहे. एका साक्षीसाठी अख्खे घर संपवता येईल, हा भरवसा जमावाला कुठून आला? तो भरवसा जातीने दिला. न्यायालयाने जमावाचा उद्देश त्या दिवसाच्या भांडणात शोधला; जमाव ज्याने जमतो ते सूत्र त्याने बाहेर ठेवले.

कायद्याचे शब्दही याला जबाबदार होते. बळी अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला, हे तेव्हा सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून जात ठाऊक असणे पुरते. पण न्याय संहितेच्या १०३(२) कलमात, पाच किंवा अधिक जणांनी जातीवरून केलेल्या खुनासाठी, तोच 'कारणावरून' पुन्हा आला आहे. जुनी पळवाट नव्या घरात बांधून दिली आहे.

म्हणून सगळ्यांनाच फाशी द्या, ही घोषणा मला मान्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद चिघळला, वस्त्यांत धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. मंडळीचे कलम आपल्यावरही चालते. नुसते हजर असणे गुन्हा नव्हे, हे तत्त्व आपलेही कवच आहे. ते आपणच मोडू नये.

मागणी दुहेरी हवी. प्रत्येकाने काय केले याचा पुरावा वेगळा नोंदवा. आणि सगळे कशाने एकत्र आले, तेही दोषारोपपत्रात लिहा. पहिले व्यक्तीचे उत्तरदायित्व, दुसरे जातीचे. आपल्या कार्यकर्त्यांनी फिर्याद लिहितानाच दुसरे वाक्य लिहायला शिकले पाहिजे. फिर्यादीत नसलेली जात निकालात सहसा येत नाही.