शं. बा. जोशी आणि आपला अभिनिवेश

शं. बा. जोशी यांचे ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. लेखकाचा जन्म १८९६ चा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. हयात धारवाडात गेली आणि लेखन मुख्यत्वे कानडीत झाले. अशा विद्वानाने मराठी वाचकांशी मराठीत बोलू पाहावे, हीच गोष्ट दुर्मीळ. पण पुस्तक आले ते कोणत्या काळात! १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव होऊन सहा वर्षे लोटली होती. १९५६ ची राज्यपुनर्रचना चार वर्षांवर होती. महाराष्ट्राच्या संस्कृतीच्या तळाशी कानडीचा थर आहे, असे त्या दिवसांत कोणी म्हटले तर ते हद्दीवरील दावा म्हणूनच ऐकले जाणार. शीर्षकातील ‘समस्या’ या शब्दाकडे मग कोण लक्ष देतो?

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वाचनमंडळात या पुस्तकावर बोलण्याचा मी प्रयत्न केला. स्थलनामाचे पहिले उदाहरण दिले असेल-नसेल, तोच एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, “म्हणजे आम्ही उपरे, असंच ना?” दुसऱ्यांनी लेखकाची मातृभाषा काढली, तिसऱ्यांनी महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल. अर्ध्या तासाने मीही आवाज चढवून, माझे आजोबा कोणत्या मोर्च्यात होते, ते सांगू लागलो होतो. पुस्तक टेबलावर मिटलेलेच होते. त्या स्नेह्यांना मी दोष देत नाही. मुलांच्या शाळेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत ज्यांनी भाषेचा जाच सोसला, त्यांना शब्दाच्या व्युत्पत्तीतही सरकारी फर्मान दिसू लागते. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आपण प्रश्नकर्त्याच्या हेतूला उत्तर देतो. पलीकडच्या बाजूचे काही अभिमानीही याच चालीने जातात. त्यांना जोशींचे पुस्तक म्हणजे सातबाराचा उतारा वाटतो.

यात नुकसान झाले ते टीकेचे. जोशींचे प्रतिपादन निर्दोष नाही. ध्वनिसाम्यावर ते फार भार टाकतात, असे माझे मत आहे. गावाचे नाव कानडी वळणाचे निघाले, म्हणून तेथील रहिवाशांची भाषा सर्वकाळ तीच होती असे ठरत नाही. माणसे गेली तरी नावे मागे राहतात, आणि कधी माणसांबरोबर दूरवर जातातही. अडकित्ता, खलबत्ता, तूप हे शब्द आपण कानडीतून घेतले, हे शाळेच्या व्याकरणातही सांगितले जाते. पण त्यावरून शेजार सिद्ध होतो, थर नव्हे. हा आक्षेप नेमकेपणाने कोण घेऊ शकला असता? पुण्याच्या समीक्षकाला बहुधा कानडी येत नाही. आपली घराणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि आठवड्याच्या बाजारात कानडी बोलत आली. जोशींना हवा होता तो वाचक निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावरच होता. तो मोर्च्यात होता, हेही खरे.

रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाशी ताडून पाहावे. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, हे त्यांचे म्हणणेही भाविकाला सहज रुचणारे नव्हते. पण ढेरे वाचकाला निपाणीपासून फार दूर नसलेल्या पट्टणकोडोलीला नेतात. तेथील विठ्ठल-बिरदेवाची जोडी दाखवतात आणि मगच निष्कर्षाकडे वळतात. भंडाऱ्याने पिवळे झालेले ते देऊळ आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे; पाहिलेल्या गोष्टीवर एकदम चिडता येत नाही. जोशी निष्कर्ष फार लवकर हाती देतात. हा त्यांच्या मांडणीचा दोष, आणि आपल्या रागाला त्याने आयते निमित्त दिले.

‘उपरे’ म्हणणाऱ्या त्या स्नेह्यांनी मागच्या दिवाळीत माझी प्रत मागून नेली. परत आली तेव्हा गावांच्या नावांच्या चर्चेशेजारी, समासात, शिसपेन्सिलीने लिहिलेले होते : ‘हे चूक. आमची आजी याचा उच्चार वेगळा करी.’ खाली तो उच्चार मराठीत दिला होता, आणि त्याच्याखाली कानडी अक्षरांतही.